राष्ट्रप्रमुखांची विमाने आणि त्यांची दुरुस्तीशाळा

चंदीगडचा आराखडा करताना ल कॉर्बुझिए यांनी शहराच्या पूर्वेस, निवासी सेक्टरांपासून झाडीच्या रुंद पट्ट्याने अलग केलेला जो इंडस्ट्रियल एरिया आखून दिला, त्याच्या दोन्ही फेजमध्ये आज मॉल आणि मोटारींच्या शोरूमनी पुष्कळ जागा व्यापली असली, तरी नटबोल्ट, ट्रॅक्टरचे सुटे भाग आणि यंत्रांची दुरुस्ती हा तेथील मूळ व्यवसाय अद्याप लोपलेला नाही. तेथून दक्षिणेस, रामदरबारच्या वस्तीपलीकडे, हवाईदलाच्या तळाची हद्द लागते. आणि ज्याला येथील रिक्षावाल्यापासून शाळकरी मुलांपर्यंत सारे ‘थ्री बीआरडी’ म्हणतात, तो हवाईदलाचा तीन क्रमांकाचा बेस रिपेअर डेपोही याच शहरात आहे. एमआय-८ आणि एमआय-१७ या रशियन बनावटीच्या हेलिकॉप्टरांची संपूर्ण उकल करून त्यांना नवे आयुष्य देणे, हे या डेपोचे मुख्य काम. ज्या जातींची हेलिकॉप्टरे आपल्या राष्ट्रपतींना आणि पंतप्रधानांना दुर्गम भागांत वर्षानुवर्षे नेत आली, त्या जातींचे पुनरुज्जीवन दिल्लीच्या दिमाखदार धावपट्टीपासून दूर, या कारखानी मुलखात होते, ही गोष्ट राष्ट्रप्रमुखांच्या विमानांचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते.

या विषयावर आजवर जे लेखन झाले, त्यात विमानातील शयनगृह कसे आहे, मसलतीची खोली किती माणसांची आहे, स्वयंपाकघरात एका वेळी किती पानांची सोय होते, याचाच तपशील अधिक आढळतो. राजाचा लवाजमा वर्णन करण्याची जुनी हौस त्यामागे असावी; तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील घटना एका ओळीत लावून पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते: राष्ट्रप्रमुख विमानातून सुखरूप उतरला की नाही, याचा निर्णय फार मोठ्या प्रमाणात उड्डाणापूर्वी, हँगरात, कोणाच्या हाताने कोणते झाकण उघडले आणि कोणी ते बंद केले, यावर झालेला आहे. या आढाव्यात मी तीच बाजू प्रामुख्याने मांडणार आहे.

आरंभीच्या काळात विमानात बसणे हे राजपुरुषाच्या दृष्टीने साहस होते, प्रवास नव्हता. बल्गेरियाचा राजा फर्डिनंड याने १९१० साली बेल्जममध्ये विमानातून भरारी घेतली आणि आकाशात जाणारा पहिला राष्ट्रप्रमुख अशी त्याची नोंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेचे थिओडोर रूझवेल्ट, अर्थात अध्यक्षपद सोडल्यानंतर, सेंट लुईस येथे विमानात बसले. हौसेचे रूपांतर राज्यव्यवस्थेच्या साधनात होण्यास पुढे पाव शतक लागले. १९३६ च्या जानेवारीत पाचव्या जॉर्जच्या मृत्यूनंतर आठवा एडवर्ड राज्यारोहणाच्या विधीसाठी लंडनला विमानाने गेला, आणि त्याच वर्षी ‘किंग्ज फ्लाइट’ हे राजाच्या खास विमानांचे स्वतंत्र पथक स्थापन झाले. १९३८ च्या सप्टेंबरात नेव्हिल चेंबरलेन हिटलरच्या भेटीस म्युनिकला विमानाने गेले, तेव्हा राजनीतीचा वेगच बदलला; जी बोलणी पूर्वी वकिलांच्या खलित्यांतून महिनोनमहिने चालत, ती आता एका दिवसात समोरासमोर होऊ लागली.

आपल्याकडे याच सुमारास संस्थानिकांना विमानविद्येची ओढ लागली होती. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभा राहिला आणि १९३९ च्या जानेवारीत तो खुला झाला. एका मराठी संस्थानाने आपल्या राजधानीला आकाशमार्गाने जगाशी जोडण्याची केलेली ही तजवीज त्या काळाच्या मानाने दूरदृष्टीची होती, आणि आज त्या विमानतळाला महाराजांचेच नाव आहे हे यथायोग्य आहे.

दुसऱ्या महायुद्धाने राष्ट्रप्रमुखाच्या विमानाला कायमचे स्थान दिले. फ्रँकलिन रूझवेल्ट १९४३ च्या जानेवारीत पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘डिक्सी क्लिपर’ या उडत्या नौकेतून कॅसाब्लांकाच्या परिषदेसाठी निघाले. अधिकारावर असताना विमानप्रवास करणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. स्टालिनला विमानाचे भय होते; तेहरानच्या परिषदेसाठी बाकूहून केलेला प्रवास हाच त्याचा प्रसिद्ध विमानप्रवास. रूझवेल्ट यांच्यासाठी पुढे डग्लस कंपनीने जे चार इंजिनांचे विमान खास तयार केले, त्याला वार्ताहरांनी ‘सेक्रेड काऊ’ असे नाव दिले, आणि त्याच्या रचनेत एक गोष्ट अशी होती की तिच्याजवळ क्षणभर थांबावे. अध्यक्ष चाकांच्या खुर्चीवर होते. त्यांना चढवण्यासाठी धावपट्टीवर लांब उतरण लावावी, तर ती उतरण पाहूनच शत्रूच्या हेराला कोण येत आहे हे कळावे. म्हणून कारागिरांनी विमानाच्या पोटातच एक लिफ्ट बसवली, जी जमिनीपर्यंत खाली येई आणि खुर्चीसह अध्यक्षांना वर घेई. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाच्या परिषदेसाठी रूझवेल्ट याच विमानाने गेले. पुढे १९४७ च्या जुलैमध्ये अमेरिकी हवाईदलाला स्वतंत्र अस्तित्व देणाऱ्या कायद्यावर ट्रुमन यांनी सही केली, तीही याच विमानात बसून.

हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या दिमतीस ॲव्हरो यॉर्क जातीचे विमान असे, आणि माउंटबॅटन १९४७ च्या मार्चमध्ये पालमला उतरले ते यॉर्कमधूनच. स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, १ नोव्हेंबर १९४७ रोजी, पालम येथे हवाईदल मुख्यालयाचे कम्युनिकेशन स्क्वाड्रन स्थापन झाले. आणि राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांच्या देशांतर्गत प्रवासाची जबाबदारी तेव्हापासून आजतागायत या पथकाकडे आहे. ते दिवस कसे होते याचा विचार केला, तर या पथकाचे प्रारंभीचे साहित्य फार साधे होते, याचे नवल वाटत नाही: युद्धातून उरलेली डकोटा आणि लहानशी डेव्हन. पुढे व्हायकाउंट जातीची दोन विमाने आली. सोव्हिएत नेत्यांनी नेहरूंना इल्यूशिन-१४ भेट दिले. कानपूरला बनू लागलेली ॲव्हरो विमाने, म्हणजे एचएस-७४८, सामील झाली. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तुपोलेव्ह-१२४ ही जेट विमाने आली. पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही गटांतून आलेल्या यंत्रांना एकाच छताखाली सांभाळणे म्हणजे दोन भाषांतील हस्तपुस्तिका, दोन मापपद्धती आणि सुट्या भागांची दोन स्वतंत्र कोठारे सांभाळणे. अलिप्ततेच्या परराष्ट्रनीतीची चर्चा आपण व्यासपीठांवर पुष्कळ केली. तिचा भार मेकॅनिकांच्या हातावर कसा पडला, याची चर्चा कोणी केली नाही.

परदेशप्रवासासाठी मात्र सरकारची भिस्त एअर इंडियावर होती, आणि तिचे बिऱ्हाड मुंबईत, सांताक्रूझला. येथे त्या घटनेकडे वळणे प्राप्त आहे, जी माझ्या मते या संपूर्ण इतिहासाचे केंद्र आहे आणि जिच्यातील प्रमुख पात्रांची आडनावे आपल्या घरातली आहेत. १९५५ च्या एप्रिलमध्ये बांडुंग येथे आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरणार होती. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना आणि त्यांच्या शिष्टमंडळाला नेण्यासाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान भाड्याने घेण्यात आले. कॅप्टन दामोदर काशीनाथ जटार हे त्याचे नायक, एम. सी. दीक्षित हे सहवैमानिक, जे. सी. पाठक हे मार्गदर्शक, अनंत कर्णिक हे देखभालीचे अभियंता, आणि ग्लोरिया बेरी ही हवाई सेविका. ११ एप्रिलला विमान हाँगकाँगच्या काई टाक विमानतळावर उतरले. तेथे त्याची साफसफाई झाली, इंधन भरले गेले, आणि ते जाकार्ताच्या दिशेने निघाले. चौ एन-लाय त्यात नव्हते. शिष्टमंडळातील काही मंडळी आणि पत्रकार मिळून ११ प्रवासी होते, कर्मचारी ८.

उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, दक्षिण चीन समुद्रावर सुमारे १८,००० फूट उंचीवर असताना, विमानाच्या उजव्या बाजूस स्फोट झाला. काई टाकवर साफसफाईच्या कामावर असलेल्या एका कामगाराने चाकाच्या खोबणीत कालबॉम्ब ठेवला होता. त्या बॉम्बने इंधनाची टाकी भेदली आणि पंखाला आग लागली. पुढच्या मिनिटांत कर्मचाऱ्यांनी काय केले ते पहावे. नभोवाणी यंत्र बंद पडण्यापूर्वी त्यांनी आपले स्थान कळवणारे संकटसंदेश तीनदा पाठवले. कॅप्टन जटार यांनी पेटलेल्या बाजूचे इंजिन बंद केले आणि जळते विमान पाण्यावर उतरवण्यासाठी खाली घेतले. धुराने भरलेल्या कक्षात ग्लोरिया बेरीने प्रवाशांना तरणजाकिटे वाटली. विमान समुद्रावर आदळून फुटले. १९ पैकी १६ जण गेले, कॅप्टन जटार त्यांतले एक. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे वाचले, त्यांना ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने उचलले, आणि पुढे या कर्मचाऱ्यांच्या धैर्याची दखल अशोकचक्र मालिकेतील शौर्यसन्मानाने घेतली गेली. कर्णिकांनी या घटनेवर पुस्तकही लिहिले. भारत सरकारच्या वतीने तपासात सहभागी झालेले अधिकारी रामेश्वरनाथ काव पुढे देशाच्या परराष्ट्र गुप्तचर संघटनेचे पहिले प्रमुख झाले. हाँगकाँगच्या पोलिसांनी ज्याच्याविरुद्ध पुरावा जमवला, तो कामगार अटक होण्यापूर्वीच तैवानला पळून गेला होता.

चौ एन-लाय पुढे रंगूनमार्गे बांडुंगला गेले आणि परिषद पार पडली. परंतु या घटनेने विमानांच्या बंदोबस्ताचा सारा विचार पालटायला हवा होता. पहारा होता तो प्रवाशांच्या शिडीवर, आणि घात आला तो चाकाच्या खोबणीतून. मुंबईहून निघालेले विमान आपल्या माणसांच्या हातांतून परक्या विमानतळाच्या हातांत गेले आणि तेथे त्याच्या रक्षणाची साखळी तुटली. कर्णिकांसारखा कर्तव्यदक्ष अभियंता बरोबर असूनही तुटली, कारण एकटा मनुष्य इंधनाच्या नळीपाशी उभा असताना झाडूवाल्याच्या पाठीमागे असू शकत नाही. आज राष्ट्रप्रमुखाच्या विमानाबरोबर स्वतःचे देखभाल पथक जाते, विमानाच्या प्रत्येक झाकणावर नजर ठेवली जाते, भरलेल्या इंधनाचा नमुना तपासला जातो. हा शिरस्ता ज्या प्रसंगांनी जगाला शिकवला, त्यांत ‘काश्मीर प्रिन्सेस’चे स्थान अग्रभागी आहे, आणि जटारांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसावे याची मला खरोखर खंत वाटते.

दुसरा प्रसंग आपल्याच पंतप्रधानांचा. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी मोरारजी देसाई तुपोलेव्ह-१२४ विमानाने आसामात जोरहाटला चालले होते. रात्रीच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडे, टेकेलागाव नावाच्या खेड्यापाशी, विमान शेतजमिनीवर कोसळले. अग्रभाग चिरडला गेला, आणि विंग कमांडर क्लॅरेन्स डिलिमा यांच्यासह हवाईदलाचे पाच कर्मचारी मृत्युमुखी पडले. मागच्या भागात बसलेले मोरारजीभाई आणि इतर प्रवासी वाचले. एके काळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले हे गृहस्थ त्या रात्री भाताच्या शेतातून चालत बाहेर आले. पुढे तुपोलेव्ह निवृत्त होऊन त्यांची जागा बोइंग ७३७ ने घेतली, आणि २००९ पासून ‘राजदूत’, ‘राजहंस’ व ‘राजकमल’ ही तीन बोइंग बिझनेस जेट विमाने देशांतर्गत दौऱ्यांसाठी रुजू आहेत.

जगात इतरत्र या काळात राजविमान हे प्रतिष्ठेचे चिन्ह बनत गेले. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेस दोन इंजिनांच्या विमानातून गेलेले ख्रुश्चेव्ह इतरांची चार इंजिनांची विमाने पाहून खजील झाले, आणि १९५९ मध्ये अमेरिकेला गेले ते प्रचंड तुपोलेव्ह-११४ मधून. ते इतके उंच होते की विमानतळावरची शिडी दरवाजापर्यंत पोचेना. आयसेनहॉवर यांचे विमान आणि एक प्रवासी विमान यांच्या संकेतनामांत १९५३ मध्ये गोंधळ झाल्यावर ‘एअर फोर्स वन’ हे संकेतनाम रूढ झाले. हेच आयसेनहॉवर १९५९ च्या डिसेंबरात नव्या बोइंग ७०७ मधून दिल्लीला आले. केनेडींच्या काळात रेमंड लोई यांनी निळ्या-पांढऱ्या रंगांची जी योजना केली, ती पुढे अनेक दशके टिकून राहिली. आणि २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या धावपट्टीवर, केनेडींच्याच विमानात, लिंडन जॉन्सन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून येथे तिचा विस्तार करीत नाही.

विस्तार करायला हवा तो मृत्यूंचा. फिलिपीन्सचे अध्यक्ष रामोन मॅगसेसे, ज्यांच्या नावाच्या पारितोषिकाने आपले विनोबा भावे पुढे गौरवले गेले, ते १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावरील डोंगरात डकोटा जातीचे विमान कोसळून गेले. विमानातील एकच मनुष्य, एक पत्रकार, वाचला. चौकशीत कारण निघाले ते धातूच्या थकव्याने तुटलेला दांडा. १९६७ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राणीच्या विमानपथकाचे एक व्हर्लविंड हेलिकॉप्टर पडून पथकप्रमुखासह सारे गेले. तेथेही पंख्याचा मुख्य दांडाच मोडला होता, आणि त्यानंतर राणी कित्येक वर्षे हेलिकॉप्टरमध्ये बसली नाही. धातू वारंवार ताण सोसून आतून थकतो, त्याच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी चीर पडते, आणि ती चीर एक दिवस आरपार जाते. अध्यक्षाला आणि सामान्य प्रवाशाला ती सारखाच न्याय देते.

सर्वच अपघात यंत्राच्या दोषातून होतात असे म्हणणे मात्र सत्याचा अपलाप ठरेल. पाकिस्तानचे जनरल झिया १७ ऑगस्ट १९८८ रोजी बहावलपूरजवळ सी-१३० विमानात गेले आणि त्यामागचे कारण आजही वादात आहे. रुवांडाच्या अध्यक्षांचे विमान ६ एप्रिल १९९४ रोजी किगालीजवळ क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्या देशात संहाराचा वणवा पेटला. पोलंडचे अध्यक्ष लेक काचिन्स्की १० एप्रिल २०१० रोजी स्मोलेन्स्कच्या दाट धुक्यात ९५ सहप्रवाशांसह गेले. तुपोलेव्ह-१५४ विमान वैमानिकांनी ठरलेल्या किमान उंचीच्या खाली नेले होते. इराणचे अध्यक्ष रईसी १९ मे २०२४ रोजी डोंगराळ भागात, धुक्यातच, बेल-२१२ हेलिकॉप्टर पडून गेले. मोठ्या माणसाला वेळेवर पोचवायचे, परत फिरलो तर समारंभ चुकेल, ही भावना वैमानिकाच्या मनावर ओझे टाकते. आणि ज्या देशात वैमानिकाला ‘आज उड्डाण नाही’ असे निःशंकपणे सांगता येते, तोच देश आपल्या राष्ट्रप्रमुखाचे रक्षण करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

चंदीगडला हे सांगण्याची गरज नाही. पंजाबचे राज्यपाल सुरेंद्रनाथ, जे या शहराचे प्रशासकही होते आणि हिमाचलच्या राज्यपालपदाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळीत होते, ते ९ जुलै १९९४ रोजी येथून कुलूकडे निघाले. विमान पंजाब सरकारचे होते, ऐन पावसाळ्याचे दिवस होते, आणि मंडी जिल्ह्यातील डोंगरात ते कोसळून राज्यपालांसह त्यांच्या कुटुंबातील अनेकजण एका क्षणात नाहीसे झाले. घटनेच्या परिभाषेत राज्यपाल हा राज्याचा प्रमुखच. म्हणून या आढाव्यात या घटनेला जागा देणे मला आवश्यक वाटते. येथून उत्तरेस निघालेल्या प्रत्येक वैमानिकाला अर्ध्या तासात हिमालयाशी गाठ घ्यावी लागते, आणि लडाखला रसद पोचवणारी हवाईदलाची मालवाहू विमाने तर ती गाठ रोज घेतात.

आता हेलिकॉप्टरांकडे येऊ, कारण राष्ट्रप्रमुख पूरग्रस्त तालुक्यात किंवा डोंगरी खेड्यात जातो तो याच वाहनातून. या कामातली एमआय-८ म्हातारी झाली, तेव्हा २०१० साली इटलीच्या कंपनीशी १२ हेलिकॉप्टरांचा ३,५४६ कोटी रुपयांचा करार झाला; लाचलुचपतीच्या आरोपांनंतर १ जानेवारी २०१४ रोजी तो रद्द झाला. मग हे काम एमआय-१७ व्ही-५ या, सैनिक आणि रसद वाहणाऱ्याच जातीच्या हेलिकॉप्टरांकडे आले, आणि त्या जातीच्या संपूर्ण दुरुस्तीची व्यवस्था चंदीगडच्या डेपोत उभी राहिली.

संपूर्ण दुरुस्ती, म्हणजे ज्याला कामगार ‘ओव्हरहॉल’ म्हणतात, तिचे स्वरूप थोडे जवळून पहावे. ठरलेले तास उडून झाले की हेलिकॉप्टर आत येते आणि त्याचे पंखे, पंख्यांचा गाभा, गिअरबॉक्स, इंजिने, नळ्या, तारा, सारे उतरवले जाते. उरतो तो केवळ सांगाडा. प्रत्येक भागाला चिठ्ठी लागते. तो धुतला जातो, रंग खरवडला जातो, आणि मग चिरेचा शोध सुरू होतो: लोखंडी भागावर चुंबकीय कणांनी, इतर धातूंवर आत झिरपणाऱ्या रंगद्रवाने, खोलवर पहायचे असेल तेथे ध्वनिलहरींनी. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली केसाएवढी हिरवट रेघ चमकली, की तो भाग बाद. मग तो कितीही महाग असो आणि नवा मिळायला कितीही महिने लागोत. मॅगसेसेंच्या विमानात आणि राणीच्या हेलिकॉप्टरात जे निसटले, ते पकडण्यासाठी ही खोली आहे. जोडणी करताना बोल्ट ठरलेल्या ताणानेच आवळायचा, त्याच्या डोक्यातून पातळ तार ओवून ती अशा दिशेने पिळायची की बोल्ट सैल होऊ पाहील तेव्हा तार त्याला उलट ओढील. अवजारे फळ्यावर टांगलेली असतात आणि प्रत्येकाच्या मागे त्याची आकृती रंगवलेली असते. काम संपल्यावर एक आकृती जरी उघडी दिसली, तरी तो पाना सापडेपर्यंत कोणतेही झाकण बंद होत नाही. करणाऱ्याची सही वेगळी, तपासणाऱ्याची वेगळी. पुढे पथकात रोजच्या उड्डाणापूर्वी ‘फॉर्म ७००’ या नोंदवहीत साऱ्या नोंदी पुऱ्या झाल्यावर वैमानिक सही करतो, तेव्हा ते यंत्र त्याच्या हवाली होते.

इंडस्ट्रियल एरियाच्या एखाद्या शेडमध्ये ट्रॅक्टरचा बोल्ट पिंपातून मूठभरून उचलला जातो. विमानाच्या बोल्टला मात्र कुलवृत्तांत असतो: कोणत्या कारखान्यात, कोणत्या धातूच्या कोणत्या घाण्यातून तो निघाला, कोणत्या कागदाने आला, हे दप्तर सांगू शकले नाही तर तो चांगला असूनही लावता येत नाही. सुट्या भागांसाठी परदेशावर अवलंबून असलेल्या देशाला हे दप्तर सांभाळणे किती अवघड जाते, याची कल्पना युक्रेनच्या युद्धानंतर रशियन पुरवठ्यात आलेल्या अडचणींनी आपल्याला आली आहे. देशातल्या देशात भाग तयार करण्याचा जो प्रयत्न हवाईदलाच्या डेपोंत चालू आहे, त्याचे महत्त्व म्हणूनच निव्वळ काटकसरीचे नाही.

कारण परक्याच्या हाती झाकण गेले की काय होते, याचे आणखी एक उदाहरण आहे. चीनच्या अध्यक्षांसाठी घेतलेल्या बोइंग ७६७ ची अंतर्गत सजावट अमेरिकेत टेक्सासमध्ये झाली. विमान चीनला पोचल्यावर त्यात वीसहून अधिक श्रवणयंत्रे लपवलेली सापडल्याचे वृत्त २००२ च्या जानेवारीत जगभर प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये कतारने अमेरिकेला बोइंग ७४७ भेट म्हणून दिले, तेव्हा अमेरिकेतच या प्रश्नाची चर्चा झाली: भेटीचे विमान अध्यक्षांच्या उपयोगात आणायचे, तर ते अखेरच्या तारेपर्यंत उकलून पहावे लागणार.

भारतापुढेही हा प्रश्न आहे. कित्येक वर्षे परदेशदौऱ्यांपूर्वी एअर इंडियाचे जंबो ७४७ प्रवासी सेवेतून काढून त्यात तात्पुरती व्यवस्था केली जाई आणि दौरा संपल्यावर ते पुन्हा सेवेत जाई. काटकसरीच्या दृष्टीने हे योग्य होते, सुरक्षेच्या दृष्टीने नव्हते. २०२० च्या ऑक्टोबरपासून क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने युक्त अशी दोन बोइंग ७७७ विमाने केवळ या कामासाठी आली. त्यांची सजावट अमेरिकेत झाली, ती चालवतात हवाईदलाचे वैमानिक, आणि त्यांची देखभाल एअर इंडियाच्या जुन्या अभियांत्रिकी विभागातून जन्मलेल्या सरकारी कंपनीकडे आहे. एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे परत गेली, तरी ही कंपनी सरकारकडे राहिली, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने उभारून दिलेली मोठी दुरुस्तीशाळा याच कंपनीकडे आहे.

राष्ट्रप्रमुखाचा हँगरावरचा विश्वास सर्वांत उघडपणे दिसतो तो लढाऊ विमानात. २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पुण्याजवळच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उडाल्या. त्यांच्याआधी २००६ मध्ये अब्दुल कलाम तेथूनच उडाले होते. जळगावची ही विदुषी दाबपोशाख घालून शिडी चढली, ते छायाचित्र घराघरांत पोचले. या जातीची विमाने ज्या ओझरला जोडली जातात, त्या निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यातील कामगारांची छायाचित्रे मात्र कोठे छापून आली नाहीत.

अमेरिकेत डेटनच्या संग्रहालयात ‘सेक्रेड काऊ’ त्याच्या लिफ्टसह जतन केलेले आहे आणि शाळेतली मुले त्यातून फिरतात. चंदीगडला सेक्टर १८ मधील सरकारी मुद्रणालयाच्या जुन्या इमारतीत ८ मे २०२३ पासून हवाईदलाचे वारसा केंद्र खुले आहे. तेथे एक दालन दुरुस्तीशाळांचे असावे, त्यात अवजारांचा तो आकृत्या रंगवलेला फळा असावा आणि चीर सापडून बाद झालेला एखादा दांडा असावा, अशी माझी हवाईदलाच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे. आणि सांताक्रूझच्या हँगरात, ओझरला, कानपूरला किंवा येथे थ्री बीआरडीत ज्या मराठी मंडळींनी आयुष्य घालवले व जी आता निवृत्त होऊन पुण्या-नाशकात नातवंडांत रमली आहेत, त्यांनी गोपनीयतेची मर्यादा पाळून आपल्या कामाच्या आठवणी लिहून काढाव्यात. कर्णिकांनी आपली हकीकत लिहिली म्हणूनच ती आज आपल्याला वाचता येते.